चौथ्या गाण्याचे शर्ट

गाण्याच्या कार्यक्रमात फोटो काढणाऱ्यांना एक नियम असतो: पहिली तीन गाणी. स्टेज आणि गर्दी यांच्यामध्ये लोखंडी कठडा लावून जी अरुंद पट्टी मोकळी ठेवतात, तिला फोटोवाले खड्डा म्हणतात. त्या खड्ड्यात तीन गाण्यांपुरतं उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, आणि तिसरं गाणं संपलं की रखवालदार येऊन शेळ्या हाकाव्यात तसा सगळ्यांना बाहेर हाकतो. का, तर तोवर गाणारा घामाघूम होतो आणि मग फोटोत देखणा दिसत नाही म्हणे. हे कारण खरं, की आपल्या केसांना जपणाऱ्या कुणा गायकाचं खूळ, देव जाणे. पण नियम म्हणजे नियम, आणि तो सगळीकडे सारखाच आहे.

आमच्या फोटोवालीची ऐन उमेदीची वर्षं या नियमाने खाल्ली. ती रॅपवाल्यांचे फोटो काढायची. तेव्हा रॅपला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. कार्यक्रम व्हायचे ते टायरच्या गोदामात, नाहीतर बंद पडलेल्या सिनेमागृहात. त्या गोदामात तिला मास्तर भेटला. मास्तर हे त्याचं स्टेजवरचं नाव, पण उगाच घेतलेलं नव्हे. तो खरोखरच गणिताच्या शिकवण्या घ्यायचा. पोरांकडून पाढे तालात म्हणवून घ्यायचा, आणि पोरांपेक्षा त्यालाच ती चाल इतकी आवडली की गणित मागे पडलं आणि ताल तेवढा राहिला.

मास्तरची पहिली तीन गाणी घोटून पक्की केलेली असायची. चौथं मात्र तो तिथल्या तिथे जोडायचा. समोर कोण उभं आहे, दिवस कसा गेला, मनात काय सलतंय, जे असेल ते तालात बसवायचा. ते गाणं त्याने कधी लिहून ठेवलं नाही, रेकॉर्ड करू दिलं नाही. जोडलेलं गाणं परत म्हटलं की ते खोटं होतं, असं त्याचं म्हणणं. बाकी माणूस साधा होता, पण या बाबतीत त्याची अक्कल कुणी काढलेली त्याला खपत नसे.

एकदा गोदामाबाहेर चहा पिताना तो तिला म्हणाला, "चौथं गाणं मी तुझ्यासाठी जोडतो, आणि तू नेमकी तेव्हाच पळतेस."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," ती म्हणाली. "मी पळत नाही, मला हाकलतात."

"हाकलल्यावर परत मागच्या दाराने येता येतं."

"येते की. फोटो पाठवून झाले की येते."

खरंच यायची. वर्तमानपत्रात ज्याचे फोटो आधी पोचतील त्याचे छापले जातात, म्हणून तिसरं गाणं संपलं की ती बाहेर पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची, फोटो निवडायची, पाठवायची आणि मग धावत मागच्या दाराने आत शिरायची. तोवर पाचवं किंवा सहावं गाणं चालू असायचं. पुढे जायला वाव नसायचा. मग ती गर्दीच्या पाठीमागे उभी राहून जे दिसेल त्याचे फोटो काढायची. म्हणजे पाठींचे.

आता कुणी म्हणेल, एवढंच होतं तर एखाद्या दिवशी तिकीट काढून जायचं, गपगुमान ऐकायचं. तसं करायला ती एकदा निघालीही होती. तिकीटवाल्यांना कॅमेरा दारावर ठेवावा लागायचा, तो ठेवला आणि दारातूनच परत आली. हातांचं काय करायचं आणि डोळ्यांचं काय करायचं, हेच तिला कळेना. कॅमेरा डोळ्याला असला की मास्तरकडे टक लावून बघता यायचं आणि ते काम समजलं जायचं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तर सगळ्या गोदामाला कळलं असतं.

मग मास्तर मोठा झाला. एका मोठ्या शहराने त्याला बोलावलं, तिथून आणखी मोठ्या शहराने. गाव सोडून निघायच्या दिवशी तो तिच्याकडे आला तेव्हा ती कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो उतरवून घेत होती. "दोन मिनिटं," ती आतूनच म्हणाली. तो दारात उभा राहिला. खालून गाडीवाल्याने हॉर्न मारला, परत मारला, आणि ती बाहेर आली तेव्हा जिना रिकामा होता. नंतर बरेच दिवस त्या दोन मिनिटांची आठवण आली की ती स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालायची.

उरले ते फोटो. मास्तरचे चांगले फोटो वर्तमानपत्रांनी कधीच घेऊन छापले होते. तिच्या हार्डडिस्कवर राहिल्या होत्या नुसत्या पाठी: घामाने चिकटलेले शर्ट, वर गेलेले हात, कुणाच्या खांद्यावर बसलेली कुणी. आणि या सगळ्यांच्या पलीकडे, जिथे स्टेज असायला हवं तिथे पांढराशुभ्र उजेड. गर्दीच्या अंधाराला धरून कॅमेरा लावला की स्टेज असं जळून जातं. मास्तर त्या उजेडात होता. दिसत नव्हता, पण तिला ठाऊक होतं, की आहे.

तिच्या मामाचा छापखाना होता. पुस्तकांचा नव्हे, पिशव्या, टोप्या आणि खेळाच्या संघांचे बनियन छापायचा. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, रबराच्या पट्टीने एक ओढ, की खाली कापडावर चित्र. एक दिवस ती त्यातला एक फोटो घेऊन मामाकडे गेली आणि म्हणाली, हा मला शर्टाच्या पाठीवर छापून दे.

मामाने फोटो लांब धरला, जवळ धरला. "ह्याचं तोंड कुठाय?"

"तोंड नाहीये. पाठ आहे."

"ते मलाही दिसतंय. शर्टाच्या पाठीवर माणसाची पाठ! उद्या चपलेवर चप्पल छापायला सांगशील."

"तू छापून तर बघ, मामा."

मामाने छापला. फोटो कापडावर आणायचा तर त्याचे ठिपके करावे लागतात. काळ्या जागी दाट, करड्या जागी विरळ, आणि पांढऱ्या जागी काहीच नाही, तिथे कापडच मोकळं सोडायचं. शर्ट सुकल्यावर तिने तो उंच धरला. हात आले होते, खांदे आले होते, आणि मधोमध मोकळं कापड. ती त्या मोकळ्या जागेकडे इतका वेळ बघत राहिली की मामाला वाटलं, छपाईत काही खोट निघाली.

तो शर्ट घालून ती कार्यक्रमांना जाऊ लागली, आणि लोक विचारू लागले, कुठे मिळाला? मग थोडे शर्ट छापले. पहिल्याच धुण्यात त्यांच्या शाईचे पोपडे निघाले, कारण मामाने ते पिशव्यांसारखे दोरीवर वाळत घातले होते, भट्टीत तापवलेच नव्हते. लोक तक्रार घेऊन आले तेव्हा मामा उलट म्हणतो, "आमच्याकडच्या पिशव्या आजवर कुणी धुतल्या नाहीत!" ते सगळे शर्ट परत घेतले, भट्टी आणली, शाई बदलली. मामाच्या अंगात एक गुण होता. चूक कबूल करायचा नाही, पण तीच चूक पुन्हाही करायचा नाही.

शर्ट शिवायचं काम मामीकडे आलं. तयार शर्ट फोटोवालीला पसंत नव्हते; खांदा दंडावर उतरलेला हवा, बाह्या कोपरापर्यंत, अंगात भरपूर ढगळ. मामीने पहिला नमुना शिवला आणि दोन्ही हातांनी ताणून धरला. "ह्यात दोघं मावतील गं."

"मावू देत."

"शर्टात मावतील. तुझ्या मनात एकच मावतो," मामी म्हणाली आणि परत मशीनवर वाकली. मामीच्या तोंडी लागण्यात अर्थ नव्हता. तिला सगळं कळायचं आणि त्यातलं निम्मं ती बोलून दाखवायची.

कार्यक्रमांच्या दारापाशी फोटोवाली घडीचं टेबल लावू लागली. गाणाऱ्याचं तोंड छापायचं तर त्याची परवानगी लागते, मध्ये वकील येतो, भानगडी होतात. पाठ ओळखून भांडायला मात्र कुणी आलं नाही. आलं ते शर्ट मागायलाच. एक मुलगी टेबलाशी थबकली आणि किंचाळली, "अगं ही माझी वेणी!" तिने स्वतःसाठी घेतला, बहिणीसाठी घेतला, दुसऱ्या दिवशी मैत्रिणींची फौज घेऊन आली. तेव्हापासून लोक टेबलावर वाकून स्वतःला शोधू लागले. स्वतःचं तोंड माणूस आरशात रोज बघतो, त्याचं त्याला काय कौतुक? पाठ कुणी पाहिलेली नसते. आपण इतके आनंदात होतो हे लोकांना स्वतःच्याच पाठीवरून कळत होतं.

धंद्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "चौथं गाणं."

"आणि पहिली तीन कुठे गेली?" मामाने विचारलं.

"ती सगळ्यांनी ऐकलीत."

चौथं गाणं चाललं. छापखान्यातल्या पिशव्या बंद झाल्या, शेजारचा गाळा घेतला, मामीच्या हाताखाली आणखी शिवणाऱ्या बायका आल्या. नव्या दमाचे रॅपवाले स्टेजवर हेच शर्ट घालू लागले, दुकानं मागणी पाठवू लागली. सगळ्यांचं एकच मागणं: काळ्या कापडावर काढा. रॅपच्या कपड्यांत काळ्याला मरण नाही. मामाही मागे लागला. पण या एका बाबतीत ती ऐकेना. काळ्यावर छापायचं तर त्या मोकळ्या जागेत पांढरी शाई भरावी लागली असती.

"भरली तर काय बिघडलं?" मामा वैतागून म्हणाला. "असं आहे तरी कोण त्या पांढऱ्यात?"

"कुणी नाही. उजेड जास्त झालाय."

"मास्तर आहे," मामी मशीनवरून म्हणाली. काळ्या कापडाचा विषय त्या दिवसापासून मामाने काढला नाही.

खरं सांगायचं तर तिला तो हवा होता. त्यात काही गुंतागुंत नव्हती. शर्टांची खोकी बाहेरगावी निघाली की तिला वाटायचं, यातला एखादा त्याच्यापर्यंत पोचेल, तो बघेल, पाठींच्या पलीकडचा उजेड ओळखेल, म्हणेल, अरे, हा तर मी. मास्तरचा कुठलाही नवा फोटो दिसला की ती आधी त्याचा शर्ट बघायची. तो आपला कायम काळ्यात. संध्याकाळी शाईचे हात रॉकेलने पुसताना तिला उगाच रडू यायचं आणि ती रॉकेल डोळ्यांत गेलं म्हणायची.

आणि एका सकाळी मास्तरच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. दौरा आखलाय, शेवटचा कार्यक्रम तुमच्याच गावात, मोठ्या मैदानावर. दौऱ्याचे शर्ट चौथं गाणं यांनीच करावेत अशी मास्तरांची इच्छा आहे. तुमच्या अटी काय?

फोटोवाली म्हणाली, "एकच. मला शेवटपर्यंत खड्ड्यात उभं राहू द्या."

"म्हणजे तीन गाण्यांनंतरही?"

"हो."

मॅनेजरबाईंनी दुसऱ्या दिवशी कळवलं, "मास्तर हसले. म्हणाले, हेच मागेल असं वाटलं होतं. द्या तिला."

त्या हसण्याच्या बातमीवर तिने कित्येक आठवडे काढले. काम तर नाकी नऊ येतील इतकं होतं. दौऱ्याच्या दर गावातून गर्दीच्या पाठींचे फोटो यायचे, ते निवडायचे, ठिपके करायचे, जाळ्या चढवायच्या. मामा भट्टीसमोर घामाने निथळत म्हणायचा, "तुझ्या ह्या मास्तरने शिकवण्याच घ्यायला हव्या होत्या, आपण सगळे सुखात असतो." पण शर्टाची एक एक घडी तो स्वतः तपासायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी मामी म्हणाली, "कॅमेरा घरी ठेव."

"कॅमेऱ्याशिवाय खड्ड्यात कोण घेईल?"

"मग गळ्यात राहू दे. डोळ्याला लावू नकोस."

"चौथ्या गाण्याला नाही लावणार, मामी. कानातले बोळेही काढणार आहे." खड्ड्यात भोंगे अगदी कानाशी असतात, म्हणून सगळे फोटोवाले कानात मेणाचे बोळे घालतात. नाहीतर काही वर्षांत बहिरे होतील.

"शप्पथ?"

"शप्पथ."

मैदानावर अंधार पडायच्या आत कार्यक्रम आटपायचा होता, तशी मैदानवाल्यांची अटच होती. मास्तरच्या कार्यक्रमात लोकांचे फोन दारावरच पिशवीत बंद करून ठेवत. कुणी रेकॉर्ड करायचं नाही, हे त्याचं जुनं वेड आता नियम होऊन बसलं होतं. मामा-मामी दारापाशी टेबल लावून बसले. फोटोवाली खड्ड्यात गेली तेव्हा मागे नजर पोचेल तिथवर माणसं होती, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या अंगावर तिचे शर्ट होते.

मास्तर आला. जाडजूड झाला नव्हता, टक्कल पडलं नव्हतं. कानशिलावर थोडे पांढरे केस होते आणि ते त्याला शोभत होते. ती कामाला लागली. रॅपवाल्याचा फोटो काढायची एक रीत असते. शब्द चालू असताना माईक तोंडावर असतो, ओठ वेडेवाकडे होतात, फोटो बेकार येतो. दोन ओळींच्या मध्ये तो श्वास घेतो, माईक जरासा खाली येतो, चेहरा मोकळा होतो. तो क्षण पकडायचा. म्हणून फोटोवाला शब्दांकडे लक्ष देतच नाही. तो श्वासाची वाट बघत असतो. इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा हात मास्तरच्या श्वासावर आपोआप पडायचा.

तिसरं गाणं संपलं. रखवालदार आला, बाकीच्यांना बाहेर हाकलू लागला. तिने गळ्यातलं कार्ड दाखवलं, त्याने मान डोलावली. खड्ड्यात ती एकटीच राहिली. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की ते बोळ्यांतूनही तिला ऐकू येत होतं. तिने कॅमेरा खाली सोडला आणि बोळा काढायला हात कानाकडे नेला.

तेवढ्यात ढोल थांबला. मास्तर स्टेजच्या अगदी कडेला आला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. इतक्या जवळ की त्याच्या हनुवटीवरचा घामाचा थेंब दिसावा. मावळतीचं ऊन मैदानावरून तिरपं आलं आणि त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलं. तो थेट तिच्याकडे बघत होता, तिच्या डोळ्यांत. मधे काही नव्हतं.

तिला ते सोसलं नाही. तिच्या हाताने कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. तिने लावला असं म्हणवत नाही, हाताने लावला. काचेतून तो लगेच सोसण्याजोगा झाला, नेहमीसारखा. त्याने हलक्या आवाजात काहीतरी म्हणायला सुरुवात केली आणि ती श्वासाची वाट बघू लागली. श्वास, क्लिक. श्वास, क्लिक. काय ऊन होतं, काय चेहरा होता! असे फोटो जन्मात एकदा मिळतात. मग मागून सगळं मैदान एकदम काहीतरी ओरडलं. बोळ्यांतून तो नुसता गडगडाट आला. ती गर्रकन वळली, मास्तरकडे पाठ केली, आणि ती उघडी तोंडं, ते ताणलेले हात, पिवळं ऊन पडलेले हजार चेहरे टिपत सुटली. आजवर नुसत्या पाठी काढल्या होत्या. गर्दीचं तोंड तिला पहिल्यांदाच मिळत होतं. पुढच्या हंगामाचा शर्ट तिला तिथेच दिसायला लागला. ती परत वळली तेव्हा पाचवं गाणं सुरू झालं होतं.

तेव्हाही तिच्या लक्षात आलं नाही. कामाची धुंदी अशीच असते.

कार्यक्रम संपल्यावर मॅनेजरबाई तिला मागच्या फाटकापाशी घेऊन गेल्या. बस चालू होती. मास्तर टॉवेल गळ्यात टाकून पायरीशी उभा होता. ती दिसली तसा तो दोन पावलं पुढे आला, आणि दोघंही हसली.

"ऐकलंस?" त्याने बसच्या घरघरीवरून मोठ्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. आता 'नाही' म्हणायला तोंड कुठे होतं? या एका प्रश्नाबरोबर तिला सगळं कळलं होतं, की आपण ऐकलं नाही, बोळे अजून कानात आहेत, शप्पथ मोडली. पण इतक्या वर्षांनी पहिल्याच शब्दाला त्याला दुखवायचं कसं?

"मग?" तो म्हणाला. "काय म्हणतेस?"

त्याने हे अगदी सावकाश विचारलं. मॅनेजरबाई जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या. त्या कशाला लांब गेल्या, हेही तिला कळलं नाही.

"छान होतं," ती म्हणाली.

"छान?"

"खूप छान. आणि फोटो काय आलेत, बघ ना." तिने कॅमेरा पुढे केला. त्याने तो हातात घेतला आणि एक एक करत बघू लागला. सगळ्या फोटोंत तो श्वास घेत होता. मग गर्दीचे फोटो आले आणि तो तिथे थांबला.

"तू तेव्हा तिकडे वळली होतीस," तो म्हणाला.

"ऊन काय सुंदर होतं रे."

"होतं खरं." त्याने कॅमेरा जपून तिच्या हातात दिला, पट्टा तिच्या मनगटाला नीट गुंडाळला. "फोटो तू छानच काढतेस. शर्टही फार चांगले झालेत. मामांना सांग." मग तो पायरी चढला, वळून एकदा हात केला, दार मिटलं. बस फाटकातून बाहेर पडली आणि झाडांच्या पलीकडे रस्त्याला लागली.

ती मैदानाला वळसा घालून पुढच्या दाराकडे निघाली. वाटेत एकेक करून दोन्ही बोळे काढले. एकदम सगळे आवाज आले: पायांचे, हसण्याचे, गाड्यांचे. माणसं आपापले फोन सोडवून घेऊन घरी निघाली होती आणि पाठीवर तिचे शर्ट घेऊन तिच्यासमोरून चालली होती. तिला वाटलं, या सगळ्यांनी ते ऐकलंय. जे आपल्यासाठी जोडलं होतं ते या एवढ्या लोकांजवळ आहे, फक्त आपल्याजवळ नाही.

टेबलाशी एक मुलगी शर्टाचं माप बघत होती. रडून तिचे डोळे सुजले होते. मामी आत खोकं उघडत होती, मामा सुटे द्यायच्या गडबडीत होता. फोटोवाली त्या मुलीशेजारी जाऊन उभी राहिली.

"चौथं गाणं कसलं होतं आजचं?" तिने विचारलं.

"अय्या, तुम्ही आत नव्हता?" मुलीने चमकून तिच्याकडे बघितलं. "तुमचं हुकलं हो. आम्ही तर सगळ्या रडलो. म्हणजे असं, की तो म्हणतो, फिरून फिरून दमलो आता. एक बाई आहे, मी तिला कधी दिसतच नाही, मी असतो तिथे तिला नुसता उजेड दिसतो. सगळे शब्द काही आठवत नाहीत मला. पण शेवटी तो विचारत होता, सारखं तेच. बस निघायच्या आत सांग, मी थांबू का? मी थांबू का इथे?"

"मग?"

"मग काय, कुणी उत्तरच देईना. शेवटी सगळं मैदान ओरडलं, थांब! घसा फुटेस्तोवर ओरडलो आम्ही. त्या बाईनं काय सांगितलं असेल कुणास ठाऊक."

"तिने सांगितलं," फोटोवाली म्हणाली, "छान होतं."